भर वाऱ्यात शीड

मालवणच्या आमच्या कचेरीत ते थोरले कारकून. तिथे माझ्याशी 'आपण बसावं' असं छापील मराठी बोलत. रविवारी मात्र टेरिकॉटची पँट दुमडून मला आपल्या छोट्या होडीत घालून नेत आणि मालवणीत वाऱ्याला शिव्या देत.

एकदा खाडीत शीड चढवतानाच नांगर निसटला. होडी खडकांकडे वाहू लागली. मी शिडाची दोरी धरून नुसता बसलो. त्यांनी चष्मा माझ्या खिशात कोंबला, छातीभर पाण्यात उडी मारली आणि होडीचं तोंड वाऱ्याकडे धरून ठेवलं.

"वड रे दोरी! आता नांगर मीच आसंय!"

मी जीव खाऊन ओढली. शीड चढलं, फुगलं आणि होडी खडकांना बगल देऊन सुसाट सुटली. ते होडीच्या काठाला लोंबकळत, नाकातोंडात पाणी जात असताना हसून ओरडले, "थांबवू नको रे, मजा येता!"