अक्कांचा पियानो आणि आपली शाल

वत्सलाअक्कांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत, आणि मंडळाने गौरवग्रंथासाठी माझ्याकडे चार गोड शब्द मागितले आहेत. गोड शब्दांसाठी माझ्याकडे कुणी यावं, याचंच मला नवल वाटलं. पण अक्कांविषयी लिहायचं तर ‘नाही’ म्हणणं शक्य नव्हतं.

मी बँकेतून निवृत्त झाले, त्या वर्षी आमची ओळख झाली. बसवनगुडीत मंडळाच्या वरच्या खोलीत अक्का दर शनिवारी दुपारी स्वतः पियानो वाजवत इटालियन गीतं शिकवतात. एक गाणारा आणि एक पियानो, बस्स. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, असलं एक गीत सिस्टरांनी आमच्याकडून घोटून घेतलेलं. मी ते हात जोडून, डोळे मिटून, मोठ्या तोऱ्यात म्हटलं. अक्कांनी शेवटचा सूर विरू दिला आणि अर्थ विचारला. मी सांगितलं, प्रार्थना आहे.

“हात सोड, निर्मला,” अक्का म्हणाल्या. “ही बाई छळणाऱ्या प्रियकराला फैलावर घेतेय. तुला ते जास्त चांगलं जमेल.”

चाळीस वर्षं मी एका भांडणाला प्रार्थना समजत होते. तेव्हापासून शनिवार सहसा चुकवला नाही.

अक्कांकडे आधी शब्द मोठ्याने वाचायचे, मग अर्थ आपापल्या भाषेत सांगायचा, मग नुसता पियानो ऐकायचा. महादेवपुऱ्याहून दोन बस बदलून येणारी तेजस्विनी पहिल्याच दिवशी गाण्याआधीचा पियानो संपायच्या आतच घाईने गायला लागली. अक्कांनी तिला तासभर फक्त सुरुवातीचे पियानोचे सूर ऐकवले. पियानो तुझ्यामागून पिशवी घेऊन चालणारा नोकर नाही, गाण्यातला दुसरा माणूस आहे, असं समजावलं. पोरगी फणकाऱ्याने गेली. पुढच्या शनिवारी सगळ्यांच्या आधी हजर होती.

माझ्या गळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हाची गोष्ट. आता वरचे सूर लागणार नाहीत, असं धरूनच मी परत आले. पण लागले. महिनाभर मी अगदी खुशीत होते. मग अक्का आजारी पडल्या, बदली वादक आला, त्याने पुस्तकात होतं तसं वाजवलं आणि माझा आवाज अर्ध्यावर फाटला. अक्का इतके दिवस डोळ्यांसमोर एक स्वरलिपी ठेवून बोटांनी ती पूर्ण एक स्वर खाली वाजवत होत्या. मी त्यांच्या घरी जाऊन भांडले. सांगितलं का नाही?

“सांगितलं असतं तर तू त्या एका सुराची वाट बघत बसली असतीस,” त्या म्हणाल्या. “गाणं राहून गेलं असतं. बस आता, स्वल्प कॉफी घे.”

आता जे लिहिते ते संपादकांनी कापू नये. वरच्या खोलीत खुर्च्या जास्त मावाव्यात म्हणून तो पियानो पुढच्या महिन्यात काढून टाकायचं कार्यकारिणीने ठरवलं आहे. पियानो गेला की शनिवारही गेला. तीन बैठकांत मी विरोध केला, बोलून बोलून थकले. चिटणीस सज्जन आहेत, पुण्याहून आलेले, मला कधी उलट बोलत नाहीत. त्यांनी शांतपणे समजावलं की मॅडम, त्याच्या जागी कीबोर्ड येतोय, बटण दाबलं की सूर खाली येतो. मी विचारलं, कुणाचा गळा दुखावलाय हे त्या बटणाला कोण सांगणार? त्यांनी पुढचा विषय घेतला.

म्हणजे एका हाताने सत्काराची शाल द्यायची आणि दुसऱ्या हाताने पियानो काढून घ्यायचा. एवढी वर्षं या मंडळात काढून हे पाहायचं राहिलं होतं.

परवा चिटणीसांनी अक्कांना भेट काय हवी म्हणून विचारलं. मी शेजारीच होते. मला वाटलं, आता तरी पियानो मागतील.

“तो नेण्याआधी ट्यूनरला बोलवा,” अक्का म्हणाल्या. “ज्यांच्या घरी जाईल त्यांना बेसूर मिळायला नको.”

चिटणीसांनी इथल्या कानडीत ‘सरी’, म्हणजे ठीक आहे, म्हणत लिहून घेतलं. मला मात्र खिडकीकडे बघावं लागलं.

इतकं मोठं मन माझ्याकडे नाही, आणि या वयात ते येईल असंही वाटत नाही. अक्का शतायुषी होवोत, त्यांची बोटं अशीच लवचीक राहोत, गुडघे त्यांना जिना चढू देवोत. पण जिना चढून गेल्यावर वर काही असायला हवं. सभासदहो, ट्यूनरला जरूर बोलवा. टेम्पोवाल्याला मात्र येऊ नकोस म्हणून कळवा.