ढिल्या हुकाची टेप

टाकेबाईंनी मापाची तिसरी टेप कानाशी धरून हलवली आणि तीही काउंटरवर परत ठेवून दिली.

"हीसुद्धा ढिली," त्या म्हणाल्या. "भाऊ, सगळा मालच असा भरलाय का? पुढचा हूक बघा, कसा खुळखुळतोय. विकायच्या आधी बघत नाही का कुणी?"

हत्यारांच्या दुकानदाराने चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. नाताळ नऊ दिवसांवर आला होता, काउंटरला खेटून गिऱ्हाइकं उभी होती, आणि ही बाई पाव तासापासून एकेका टेपेचा कान पिरगाळून नापास करत होती.

टाकेबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. चाळीस वर्षं शिलाई मशीनवर काढल्यावर लोक खरं नाव विसरून जातात. कपडे, पडदे, खुर्च्यांच्या खोळी, काय म्हणाल ते त्यांनी शिवलं होतं. नीटनेटक्या इतक्या, की समोरच्याच्या शर्टाचं बटण लोंबताना दिसलं तर बोलता बोलता पर्समधून सुईदोरा काढायच्या. सैल, उसवलेलं, खुळखुळणारं काही त्यांना बघवत नसे. गुण चांगलाच होता. पण याच गुणाने त्यांच्या घराचा घात केला होता, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

त्यांना दोन मुलगे. थोरला चाळिशीला टेकलेला, धाकटा त्याच्याहून पाच वर्षांनी लहान. दोघंही सुतार. वडिलांनी मागे ठेवलेल्या वर्कशॉपमध्ये दोघं एकत्र काम करायचे, आणि हत्यारांचं वेड दोघांनाही सारखंच. नाताळला शर्ट दिला तर तो वर्षभर कपाटात घडीत राहणार. पटाशी दिली तर तिची धार बघत जेवण थंड होऊ देणार. त्यामुळे भेट म्हणजे हत्यार, हे त्या घरात ठरून गेलेलं. वडील होते तोवर निवड ते करायचे. त्यांचा एक नियम होता: हत्यार दुकानातून आणलं तसं कधी द्यायचं नाही, आपल्या हाताने कामाला तयार करून द्यायचं. पटाशीला ते स्वतः धार लावायचे, करवतीचे दात तपासायचे, तेल पुसायचे आणि मगच कागदात गुंडाळायचे.

चार वर्षांपूर्वी ते गेले आणि हे काम टाकेबाईंच्या गळ्यात पडलं. धार लावणं काही त्यांना जमत नव्हतं, पण नियम मोडायचा नाही म्हणजे नाही. मग जे जमेल ते त्या करायच्या. गेल्या नाताळला त्यांनी नवऱ्याचीच दोन हत्यारं पेटीतून काढली. थोरल्याला रंधा दिला, त्याला जाड कापडाची खोळ शिवून. धाकट्याला ती जुनी स्टीलची टेप दिली, जी नवऱ्याच्या कमरेला तीस वर्षं लटकत होती. देण्याआधी पुसायला घेतली, तर पुढचा हूक हलतोय. दुखण्यात त्यांचं लक्ष राहिलं नसेल, बिचाऱ्यांचं, असं म्हणत टाकेबाईंनी टिचबटणं बसवायची छोटी हातोडी घेतली, हूक आत दाबून धरला आणि रिवेटवर दोन ठोके मारले. हूक पक्का बसला. आपल्यालाही काही येतं, या समाधानात त्यांनी कागद गुंडाळला होता.

त्यानंतर चार महिन्यांनी, वसंतात, एका औषधांच्या दुकानाचं काम आलं. भिंतभर खणांची रांग, बावीस खण, प्रत्येक खणाची आडवी फळी तीनशे मिलिमीटरची. थोरल्याने भिंत मोजून हिशेब मांडला, धाकट्याने फळ्या कापल्या. बसवायला घेतल्या, तर रांग भिंतीपासून बोटभर अलीकडेच संपली. औषधवाला कपाळाला आठ्या घालून उभा. थोरल्याने आपल्या टेपेने एक फळी मोजली, दुसरी मोजली, दहावी मोजली. सगळ्या एकेक मिलिमीटर कमी.

"मी बाबांच्या टेपेने कापल्यात," धाकटा म्हणाला. "एकेक फळी तीनदा मोजलीय."

"बाबांची टेप तीस वर्षांत चुकली नाही," थोरला गिऱ्हाइकासमोर म्हणाला. "म्हणजे तू मोजलंच नाहीस. अंदाजाने कापलंस आणि आता खोटं बोलतोयस."

धाकट्याने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि निघून गेला. टेप पुन्हा तपासून बघण्यातही त्याला अपमान वाटला. त्याने ती वर्कशॉपमधल्या खिळ्याला टांगली ती टांगलीच. तेव्हापासून दोघांत विस्तव जात नव्हता. वर्कशॉपच्या जमिनीवर मधोमध खडूची रेघ आली. आता नाताळच्या दुसऱ्या दिवशी त्या रेघेवर पत्रा उभा राहायचा होता. पत्र्याचं माप घेऊन माणूस गेलासुद्धा. नाताळला जेवायला थोरला दुपारी येणार होता. "दादा गेला की मला कळव, मग मी येतो," असं धाकट्याने सांगून ठेवलं होतं.

म्हणून टाकेबाई यंदा अगदी एकसारख्या दोन टेपा घ्यायला आल्या होत्या. एकाला जास्त, एकाला कमी, असं कुणी म्हणायला नको. आणि दोघांच्या हाती सारखंच माप असलं तर निदान पुढची भांडणं टळतील, एवढाच त्यांचा साधा विचार.

"बाई," दुकानदार म्हणाला, "हूक ढिलाच असतो. मुद्दाम."

"मुद्दाम कोण ढिलं ठेवेल?"

त्याने टेप बाहेर ओढली. हूक काउंटरच्या कडेला अडकवून ताणला. "बघा, कडेला अडकवला की तो आपल्या जाडीइतका पुढे सरकतो. भिंतीला टेकवला की तेवढाच आत जातो. म्हणून दोन्हीकडून माप बरोबर येतं. ढिला नसेल तरच चूक."

टाकेबाई त्या हुकाकडे बघत राहिल्या.

"आणि कुणी ठोकून घट्ट केला तर?"

"असं कोण करेल?"

"समजा केला. आत दाबून."

"मग ती टेप दर तुकड्याला एक मिलिमीटर खाणार. एका फळीत कळायचंही नाही. कामं जुळेनाशी झाली की माणूस डोकं धरून बसेल." तो हसला. "बांधू का दोन?"

टाकेबाईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पडदा शिवणाऱ्या बाईला हे गणित कुणी शिकवावं लागत नाही. चाळीस चुण्या घालायच्या आणि प्रत्येक चुणीत दोराभर फरक पडला, तर पडदा खिडकीला पुरत नाही. बावीस फळ्या. बावीस मिलिमीटर. बोटभर जागा. त्यांनी पैसे दिले, पिशवी घेतली आणि उरलेले सुटे काउंटरवरच विसरून बाहेर पडल्या.

घराकडे जायचं सोडून त्यांचे पाय वर्कशॉपकडे वळले.

रेघेच्या पलीकडे थोरला पाठमोरा उभा राहून मशीनवर लाकूड कापत होता. धाकटा बाहेर टेम्पोतून फळ्या उतरवत होता. टेप खिळ्यालाच होती, वर भुशाचा थर. टाकेबाईंनी ती काढली. अंगठ्याच्या नखाने हूक ढकलून पाहिला, ओढून पाहिला. जागचा हलला नाही. स्वतःच्या हातच्या कामाची त्यांना एवढी भीती कधी वाटली नव्हती.

शेजारी बाकावर पक्कड पडली होती.

मनात आलं ते त्यांनी स्वतःशीही नीट कबूल केलं नसतं. एक पिरगाळा मारला की रिवेट सैल होईल. कुणाला काही कळणार नाही. आई आपल्या जागी राहील, टेप बरोबर चालायला लागेल. त्यांनी पक्कड उचललीसुद्धा, हुकाला लावलीसुद्धा. आणि मग लक्षात आलं, की टेप बरोबर झाली तर धाकटा जन्मभर खोटारडाच ठरणार. तो खरं बोलला होता याला या जगात एकच पुरावा होता, आणि तो आपण पकडीत धरलाय.

मशीन थांबलं. "आई? तिथे काय करतेस?" थोरल्याने विचारलं.

"काही नाही रे. सहज." त्यांनी पक्कड ठेवली, टेप खिळ्याला लावली. सांगायला तोंड उघडलं, पण जीभ रेटेना. जाता जाता कोपऱ्यातल्या ढिगातून, जिथे त्या बावीस फळ्या फेकून दिल्या होत्या, त्यांनी एक फळी उचलून पिशवीत टाकली.

पुढचे आठ दिवस त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. एका गिऱ्हाइकाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या आणि परत उसवल्या. रोज सकाळी ठरवायच्या, आज सांगू. रोज संध्याकाळी कारण सापडायचं. एकाला आधी सांगितलं तर तो दुसऱ्याच्या अंगावर धावून जाईल. फोनवर हे सांगायचं नसतं. खरं कारण त्यांना ठाऊक होतं: मुलांच्या नजरेतून उतरायची भीती. बापाची टेप, तीस वर्षं न चुकलेली, आणि ती आपण एका मिनिटात बिघडवली.

शेवटी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच मुलांशी ठरवून लबाडी केली. धाकट्याला निरोप धाडला: दादाचं यायचं संध्याकाळवर गेलंय, तू दीडला ये, आणि बाबांची टेप आण, मला मोठ्या पडद्याचं माप घ्यायचंय.

नाताळच्या दुपारी दीड वाजता धाकटा दारात आला, तर समोर टेबलाशी थोरला बसलेला. धाकटा तिथूनच वळला.

"पाच मिनिटं," टाकेबाई म्हणाल्या. "बस. मग जायचं तर जा. मी अडवणार नाही."

त्यांचा आवाज ऐकून तो बसला. पण खुर्ची मागे ओढून, दाराच्या बाजूला.

टेबलावर कागदात गुंडाळलेल्या दोन वस्तू होत्या. दोघांनी आपापली उघडली. नवी टेप हातात येताच दोघांनीही, न ठरवता, हूक अंगठ्याने हलवून पाहिला. बाबांची टेप तेवढी दोघांनी कधी तपासली नव्हती; ती चुकेल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. एवढं साधं यांना लहानपणापासून ठाऊक होतं, आणि आपण एकदाही विचारलं नव्हतं.

त्यांनी पिशवीतून ती फळी काढून मध्ये ठेवली. थोरल्याने ती ओळखली. त्याचा चेहरा ताठ झाला. "आई, आज हे कशाला?"

"मोज. नव्या टेपेने."

"मला माहितीय किती भरते."

"मोज म्हटलं ना."

त्याने मोजली. "दोनशे नव्व्याण्णव."

"आता तू," त्या धाकट्याला म्हणाल्या. "बाबांच्या टेपेने."

धाकट्याने खिशातून टेप काढली, हूक फळीला अडकवला आणि वाकून पाहिलं. "तीनशे," तो हळू आवाजात म्हणाला. नंतर त्याने हूक ढकलून पाहिला, पुन्हा ढकलला, रिवेट उजेडाकडे धरली. तिच्यावर दोन बारीक ठोक्यांचे खड्डे होते.

टाकेबाईंनी मांडीवर लपवून धरलेली हातोडी टेबलावर ठेवली.

"मी ठोकला," त्या म्हणाल्या. "गेल्या नाताळला, तुला द्यायच्या आधी. मला वाटलं मोडलाय. तयार करून द्यायचं म्हणून केलं. मागच्या आठवड्यात दुकानात कळलं, आणि आठ दिवस मला सांगायचं धैर्य झालं नाही. फळ्या मी बिघडवल्या. दादाचा हिशेबही बरोबर होता, तुझं मोजणंही."

स्वयंपाकघरात भांड्यावरचं झाकण थडथडत होतं. ते काढायला जायचंही त्यांना सुचलं नाही. थोरला टेपेकडे बघत होता. आता तो आपल्यावर ओरडेल, किंवा उठून जाईल, असं त्यांना वाटलं. दोन्ही चाललं असतं. त्याचं ते बघणं मात्र सहन होत नव्हतं.

थोरल्याने हात पुढे केला. धाकट्याने टेप दिली नाही.

"तीनदा मोजलं होतंस," थोरला म्हणाला.

धाकट्याने मान वर केली.

"बावीसच्या बावीस," थोरला पुढे म्हणाला. "आणि मी परक्या माणसासमोर तुला खोटारडा म्हटलं. औषधवाल्याकडे उद्या तुला घेऊन जाणार आहे मी. त्याच्यासमोर म्हटलं होतं, त्याच्यासमोरच परत घेईन."

"उद्या पत्रेवाला येणार आहे," धाकटा म्हणाला.

"त्याला नको म्हणून सांगतो."

धाकटा काही वेळ फळीवरून बोट फिरवत राहिला. मग त्याने टेप भावापुढे सरकवली. थोरल्याने दार उघडून बाहेरच्या पेटीतून पक्कड आणली. धाकट्याने पाती घट्ट धरली, थोरल्याने रिवेट जपून, केसाकेसाने सैल केली. दोघांची डोकी एकमेकांना लागतील इतकी जवळ आली होती. काम झाल्यावर धाकट्याने टेप आईच्या कानाशी नेऊन हलवली.

"आलं ऐकू?"

"आलं," टाकेबाई म्हणाल्या. डोळ्यांतलं पाणी पुसायला त्यांनी पदर शोधला नाही. टेबलावरचा भेटीचा कागदच घेतला.

"हे असंच वाजलं पाहिजे," धाकटा म्हणाला. "पुन्हा हात लावायचा नाही."

थोरल्याने टिचबटणांची हातोडी उचलून आपल्या खिशात घातली. "ही नाताळची भेट मी घेतली," तो म्हणाला. "तुला बटणं बसवायची असतील तर वर्कशॉपला येत जा. आम्ही बसवून देऊ."

धाकट्याने दाराशी ओढलेली खुर्ची टेबलाजवळ आणली आणि जेवण करपायच्या आधी भांडं उतरवायला तो स्वयंपाकघरात गेला.