तिला की तिनं?

पारूआत्या माझ्या रशियनच्या वर्गात शिकायला नव्हे, राखणीला आल्या होत्या. त्यांची भाची पूनम डॉक्टरकीसाठी रशियात जाणार होती. तिचे वडील संपतराव यांची अट एकच, भाषा शिकताना सोबत आत्या हवी. माझा वर्ग भोरात, पिठाच्या गिरणीच्या माडीवर. उत्रोलीहून दोघी चालत येत.

पहिल्याच दिवशी मी मोठ्या थाटात सांगितलं, "म्न्ये नादा, म्हणजे मला पाहिजेच!"

मागच्या बाकावरून आत्यांचा आवाज आला, "मला नाद! आपलंच की वो, मास्तर!"

पुढं जाण्याची क्रियापदं आली. रशियनमध्ये पायी जाणारा म्हणतो 'इदू', गाडीनं जाणारा 'येदू'. पूनम 'मॉस्कोला इदू' म्हणाली आणि आत्या कडाडल्या, "चालत जातीस व्हय गं? पाय झिजून गुडघ्याला येतील!" मग माझ्या स्कूटरची किल्ली न्याहाळत त्यांनी नियम केला, "पायानं जातंय ते इदू, गाडीनं जातंय ते येडू."

पासपोर्ट आला आणि त्याच आठवड्यात संपतराव माडी चढून आले. "वर्ग बंद. सोयरीक आलीय. पोरीनं हितंच राहायला पायजे."

पूनमनं वही मिटली. आत्या उठल्या.

"संपत, रशियात 'पोरीनं पायजे' न्हाई चालत. 'पोरीला पायजे' म्हणत्यात. आधी तिला इचार."

संपतराव माझ्याकडं वळले. "खरं का वो?"

व्याकरण बिनचूक होतं, 'म्न्ये' म्हणजे 'मला'च! मी मान इतकी हलवली की चष्मा पडला.

"आक्का, आपून मराठी मानसं."

"मग मराठीत इचार!"

पूनम उभी राहिली. मिटलेली वही उघडली. "म्न्ये नादा."

"काय म्हनली?"

"नाद हाय म्हनली. तिचा नाद करू नगंस."

सोयरीक परत गेली. पूनम रशियाला निघाली तेव्हा जीपच्या खिडकीतून ओरडली, "आत्या, या इदू! मी जाते!"

"येदू गं, येदू! गाडीत बसलीस न्हवं?" आत्या जीपमागं धावत चूक सुधारत होत्या. परत फिरल्या तेव्हा डोळे पुसत होत्या. मी स्कूटर पुढं केली. "मी न्हाई येडू," म्हणाल्या आणि उत्रोलीच्या वाटेला लागल्या.

गेल्या वर्षी आत्या गेल्या. माणूस जग सोडून गेला, हे सांगताना रशियन लोक पायी जाण्याचंच क्रियापद वापरतात. हे त्यांना शिकवायचं राहिलं. पण त्यांना ठाऊक असणार.