मॅचिंगवाल्या सुमनताई

मीटरपट्टीवर हात ठेवून सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. आता आमच्या धंद्यात मीटरपट्टीवर कापड धरताना ते बोटानं किंचित ताणायची सवय असते, तेवढं सोडा. म्हणजे बघा, बारा आणे तरी खरं. कुठं ताणलंय ते शेवटी सांगतो, आधी सांगितलं तर तुम्ही उठून जाल.

गुलमंडीतल्या एका कापडाच्या दुकानात मी सव्वीस वर्षं शर्टिंगच्या काउंटरला उभा आहे. दिवसभर कापड फाडलं की काउंटरखाली चिंध्या साठतात. मुद्दाम कोणी जमवत नाही, पण दिवाळीपर्यंत पोतं भरतं. किश्श्यांचंही तसंच. आणि आमच्या दुकानातलं ते पोतं उपडं केलं की निम्म्याहून जास्त माल निघतो तो मॅचिंगच्या काउंटरचा. तिथं सुमनताई होत्या.

मॅचिंग म्हणजे काय, ते पुरुषांसाठी सांगतो. बाई साडी घेऊन येते; तिला त्याच रंगाचं अस्तर, ब्लाउजपीस आणि फॉल काढून द्यायचा. सोपं वाटतं ना? एकट्या हिरव्याचे आमच्याकडं एकोणीस तागे होते. ताई साडीकडं एकदा बघायच्या, पाठ फिरवायच्या आणि थेट एका ताग्याला हात घालायच्या. मग साडी आणि तागा घेऊन दुकानाच्या उंबऱ्यावर जायचं, उन्हात दोन्ही शेजारी धरायचं आणि ‘हां’ म्हणायचं. उंबऱ्यावर नेल्याशिवाय कात्री लावायची नाही, हा त्यांचा कायदा. आता दुकानाला काच आणि एसी आलाय. उंबराच राहिला नाही.

*

आमच्या शेठला नव्या वस्तूंचा लई नाद. एका वर्षी त्यांनी पावलं मोजणारं घड्याळ आणलं आणि जाहीर केलं, रोज एकेकानं घालायचं, ज्याची पावलं जास्त त्याला बक्षीस.

सुमनताईंचा नंबर आला त्या दिवशी जेवायच्या सुट्टीआधी घड्याळात एकवीस हजार पावलं. शेठ चाट. "ताई, तुम्ही तर काउंटरमागून हलला नाहीत."

"हळूच चालले, शेठ. कोणाची नजर लागू नये म्हणून."

घड्याळ सकाळपासून पिकोच्या मशीनच्या दांड्याला बांधलेलं होतं. मशीन थरथरत होतं आणि घड्याळ बिचारं पंढरपूर सोडून पार रामेश्वराला निघालं होतं.

नंतर मला म्हणाल्या, "दिलीप, मी तीस वर्षं दिवसाचे दहा तास उभी हाय. ते त्या घड्याळात येत नाय. उभं राहिलेलं ज्याला दिसत नाय, त्याचं तब्येतीतलं मी काय ऐकू?"

*

खाण्याबद्दल त्यांचं मत एकच होतं आणि ते त्या सगळ्यांना ऐकवायच्या. "जे खाताना माणूस गप बसतो, ते अन्न नाय, औषध हाय." हे शेठच्या ओट्सला उद्देशून.

आमचा कटिंगवाला रफिकभाई शुक्रवारी घरून नान खलिया आणायचा. ताई स्वतः आदल्या रात्रीची भाकरी आणि ठेचा आणायच्या. डबे मधोमध ठेवायचे आणि कोणाचा कुठला ते विसरायचं. रफिक म्हणायचा, "आपा, तुमारा ठेचा खाया तो दो दिन बीवी से झगडा नै होता. मूंहच बंद रैता."

एकदा शेठनी मोबाइलवरून कचोरी मागवली. दुकान कुठलं, तर आमच्यापासून तीस पावलांवरचं. फोनवरच्या नकाशात एक गाडी पैठण गेटपाशी अडकलेली दिसत होती आणि शेठ तिच्याकडं काळजीनं बघत होते, जसं काय लेकीची सासरहून येणारी बस आहे.

ताई उठल्या, पदर खोचला आणि बाहेर पडल्या. दहा मिनिटांत कचोरीची पिशवी आणि तो गाडीवाला, दोघांना घेऊन आल्या. गाडी त्याला पैठण गेटलाच ठेवायला लावली होती. "चालत ये म्हणलं माझ्यासंगं. मधी पान बी खाल्लं त्यानं."

शेठ दुसरी कचोरी खात होते तेव्हा मोबाइलवर निरोप आला की ऑर्डरला उशीर होतोय, क्षमस्व.

*

पण शेठ हार मानणारे नव्हते. एक दिवस त्यांनी रंग ओळखणारं अ‍ॅप आणलं. साडीचा फोटो काढायचा, ते रंगाचा नंबर सांगणार, त्या नंबरचा तागा काढायचा. आता ताईंनी आरामात बसून पिको-फॉल बघावा, मॅचिंगला कोणीही चालेल, असं शेठचं म्हणणं.

मॅचिंगचं काउंटर म्हणजे ताईंचं काय होतं ते आम्हाला माहीत होतं. नवरा गेल्यावर त्या तिथं उभ्या राहिल्या, दोन पोरींची लग्नं त्यांनी तिथूनच केली, आणि हर्सूलपासून पडेगावपर्यंतच्या बायका दुकानाचं नाव न घेता ‘सुमनताईंकडं’ जायचं म्हणायच्या.

ताई शांतपणे म्हणाल्या, "शेठ, आधी तुमच्या सदऱ्याचा फोटो काढा."

काढला. अ‍ॅपनं एक नंबर सांगितला. मग ताईंनी शेठना ट्यूबलाइटखाली उभं केलं, दुसरा नंबर. मग उंबऱ्यावर; तिसरा. सदरा तोच, शेठ तेच.

"ह्याचं अजून मन बनलं नाय," ताई म्हणाल्या. "दोन दिवाळ्या उभं करा त्याला माझ्याशेजारी." आणि मग हसू पुसून, "ज्या दिवशी माझा रंग चुकंल ना शेठ, त्या दिवशी मी आपणहून ह्या काउंटरवरून खाली उतरंन. कोणी सांगायची गरज पडायची नाय."

त्या असं बोलल्या म्हणजे तसंच करणार, हे शेठलाही ठाऊक होतं. अ‍ॅप गेलं. ताई राहिल्या.

*

आता गेमचं. तुम्हाला वाटेल पासष्टीला आलेली बाई गेमला नावं ठेवत असेल. छे. जेवण झालं की ताई मोबाइलवर रंगीत गोळ्या फोडायच्या. एका रंगाच्या तीन शेजारी आल्या की फुटतात, तो गेम. त्यांच्या मते हा गेम नव्हताच. "रियाज हाय हा डोळ्याचा. गवई सकाळी गातो का नाय?"

त्यांचे नियम कडक. चालताना खेळायचं नाही. गेममध्ये मिळणारी फुकट हातोडी वापरायची नाही, ती कॉपी. माझी लेव्हल त्यांच्या पुढं गेली तेव्हा त्यांनी माझा मोबाइल तपासला आणि हातोडी वापरलेली पकडली. आठवडाभर मला ‘सुतार’ म्हणत होत्या.

मग एकदा त्या एकाच लेव्हलला तीन आठवडे अडकल्या. रोज चिडायच्या, "मोबाइल बिघडलाय. तीन लागल्या तरी फुटंना गेल्या."

मी मागून डोकावलो. ताईंनी दोन निळ्या गोळ्यांच्या शेजारी तिसरी आणून ठेवली होती आणि ती फुटायची वाट बघत होत्या. तिसरी जांभळी होती.

मी रफिकला बाजूला घेतलं. त्यानं ऐकून घेतलं आणि हातातली कात्री खाली ठेवली. "मेरेकू मालूम है," तो म्हणाला. "दिवाली से. मोतीबिंदू लगता. आपाकू बोलना नै."

"अरे पण ऑपरेशन करता येतं."

"बोलेगा तो क्या समजेगी? के रंग चुका. कल से आएगी क्या वो?"

*

त्या दिवसापासून रफिकभाईला खोकला लागला. ताई चुकीच्या ताग्याला हात घालायच्या, रफिक खोकायचा. ताई दचकून हात शेजारच्या ताग्यावर न्यायच्या. बरोबर असला की खोकला थांबायचा. ताईंना वाटायचं, आपलंच मन बदललं.

खोकल्यावर मात्र त्यांचं मत तयार होतं. "ओवा भाजून खा. डॉक्टर लोक उगा गोळ्या देतेत." आणि समोर उभं राहून खायला लावायच्या. दोन महिन्यांत त्या माणसानं पाऊण किलो ओवा खाल्ला. जवळून गेला की पराठ्याचा वास यायचा.

*

एप्रिल आला. भीमजयंतीला ताईंच्या हर्सूलच्या गल्लीतल्या एकतीस बायका मिरवणुकीत एकसारख्या निघायच्या. पांढरी साडी, निळा ब्लाउज. कापड दरवर्षी आमच्याकडून, निवड ताईंची. आणि रीत अशी की पहिला पीस ताई स्वतःचा, स्वतःच्या हातानं कापणार, बाकीचे तीस रफिक.

ताईंनी तागा काढला. रफिक खोकला. ताईंनी तो उंबऱ्यावर नेला, उन्हात धरला. रफिक असा खोकला की समोरच्या दुकानदारानं वळून बघितलं.

"जा, आधी पाणी पिऊन ये," ताईंनी त्याला पिटाळलं. तो परत आला तोवर पीस कापून झाला होता. जांभळा.

"हा घे, बाकीचे काढ," म्हणून ताईंनी तागा त्याच्या हाती दिला. यंदा निळा कसा खुलून आलाय, असं वर म्हणाल्या.

रफिकनं माझ्याकडं बघितलं, मी रफिककडं. मी ताईंना हाक मारली, "ताई, इकडं या जरा. लग्नाला जायचंय मला, ह्या दोन चौकड्यांतली कोणती बरी?" मत विचारलं की ताई हातचं काम सोडून यायच्या. त्यांनी मला दोन्ही चौकड्या का वाईट दिसतील ते पाच मिनिटं समजावलं, आणि तेवढ्यात रफिकनं तागा बदलून तीस पीस निळे कापले.

पहिला, जांभळा मात्र ताईंच्या पिशवीत गेला होता.

चौदा तारखेला मी क्रांती चौकात मुद्दाम जाऊन उभा राहिलो. हर्सूलच्या बायका आल्या. तीस निळे ब्लाउज आणि मधोमध ताई, जांभळ्यात. त्यांच्या दोन्ही बाजूंना चार-चार बायका, हातात हात घालून. ताई ताठ मानेनं चालत होत्या, घोषणा देत होत्या, मला बघून त्यांनी हातही हलवला. एकही बाई त्यांच्या ब्लाउजकडं बघत नव्हती.

*

मे महिन्यात ताई मोबाइल घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेल्या. तिथल्या माणसानं गेम उघडला, दोन मिनिटं बोट फिरवलं आणि ती लेव्हल पार करून मोबाइल परत दिला. "मावशी, मोबाइल एकदम ओके आहे."

हे त्यांनीच येऊन सांगितलं. सांगताना हसल्या नाहीत. दुपारभर त्यांनी एकाही ताग्याला हात लावला नाही. गिऱ्हाईक आलं की रफिककडं पाठवत होत्या. संध्याकाळी शेठकडं महिन्याची रजा टाकली. देवगाव रंगारीला माहेरी जाते, भाऊ बोलवतोय म्हणाल्या.

रफिक दुसऱ्या दिवशी त्यांच्या रिकाम्या काउंटरवर फडकं मारत होता. "नै आती अब," एवढंच म्हणाला. खोकला त्याचा बंद झाला होता, पण मला ते बरं वाटलं नाही.

*

महिना संपला आणि सातव्या की आठव्या दिवशी ताई आल्या. डोळ्यांवर मोठा काळा चष्मा. शेठ म्हणाले, "काय ताई, माहेर मानवलं." ताईंनी चष्मा काढला, पूर्ण दुकान एकदा डोळ्यांखालून घातलं आणि शेठना म्हणाल्या, "भिंत कधी रंगवली?"

"गेल्या दिवाळीला. तुम्ही होतात की."

ताई काउंटरमागं गेल्या नाहीत, बाहेरच्या बाजूला गिऱ्हाईकासारख्या उभ्या राहिल्या. पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि आमच्या समोर उलगडलं. तो ब्लाउज.

उचलून उंबऱ्यावर घेऊन गेल्या. सकाळचं अकराचं ऊन होतं. बराच वेळ धरून बघितला, परत आल्या आणि काउंटरवर ठेवला.

"दिलीप, रंग कोणता?"

"निळा," मी म्हणालो.

"रफिक?"

"नीला है आपा. एकदम नीला."

ताईंनी आधी माझ्याकडं बघितलं, मग रफिककडं, नव्या डोळ्यांनी, सावकाश. ब्लाउजची घडी घातली, पिशवीत ठेवला. मग फळी उचलून काउंटरच्या आत गेल्या आणि मीटरपट्टी जवळ ओढली.

"डॉक्टर चांगला हाय," त्या म्हणाल्या. "दोघंबी जाऊन या एकदा."

*

आता कबुली. रफिकनं माझ्याकडं बघितलं आणि ताईंना चौकड्या विचारायला मी हाक मारली, ते मी रचलंय. मी तेव्हा वर माळ्यावर जेवत होतो. तागा रफिकनं एकट्यानं बदलला, ताई समोर उभ्या असताना कसा बदलला ते त्यानं आजवर सांगितलं नाही. आणि मला कळलं तेव्हा मी आधी त्याच्यावर ओरडलो होतो, शेठला समजलं तर काय म्हणून. बाकी सगळं खरं. ‘निळा’ मात्र मीच म्हणालो. रफिकच्या आधी.