दहा गुणांच्या कार्डावरची रेघ

सुश्रुत प्रधान धामणकर नाक्याजवळच्या शाळेत गणित शिकवतो, पण त्याचा जीव क्रिकेटच्या कार्डांत. खेळाडूंची ही छापील कार्डं परदेशी कंपनीकडे पाठवायची. तिथे कडा, कोपरे, छपाई तपासून दहापैकी गुण देतात आणि कार्ड गुणांचं लेबल लावलेल्या प्लास्टिकच्या जाड डबीत कायमचं बंद करून परत पाठवतात. सुश्रुतकडच्या एका डावखुऱ्या फलंदाजाच्या कार्डाला पूर्ण दहा मिळाले होते. ते देऊन तो खारबावच्या अथर्वकडून एका लेगस्पिनरचं दहावालं कार्ड घेणार होता. हा लेगस्पिनर फारसा खेळलाच नाही, पण लहानपणी त्याची नक्कल करता करता सुश्रुतने मनगट दुखवून घेतलं होतं. अथर्व महत्प्रयासाने कबूल झाला होता.

रविवारी दुपारी तो येणार होता. सकाळी सुश्रुत डबी पुसायला खिडकीशी बसला आणि त्याचा हात थांबला. फलंदाजाच्या खांद्यापासून हेल्मेटपर्यंत केसासारखी पांढरी रेघ होती.

डबीवरचा ओरखडा असेल म्हणून त्याने ती तिरकी केली. ओरखडा असता तर चित्रावरून सरकल्यासारखा दिसला असता. ही रेघ जागची हलेना. म्हणजे छापतानाच चूक झाली होती, आणि तपासणाऱ्यांच्या नजरेतून ती सुटली होती.

"त्याला कळेल?" त्याच्या बायकोने, तनयाने विचारलं.

"दहाचं लेबल असल्यावर कार्ड कोण बघतंय?"

"मग राहू दे ना. तू थोडीच छापलंयस?"

सुश्रुतने डबी पुसून टेबलावर ठेवली. त्याला जेवण गेलं नाही.

अथर्वने आल्या आल्या रुमालात गुंडाळलेलं कार्ड टेबलावर ठेवलं, सुश्रुतची डबी उचलली, लेबल वाचलं आणि पिशवीत टाकायला निघाला. लेगस्पिनर समोर होता, चेंडूवर बोटं वळलेली. सुश्रुतने अथर्वचा हात धरला.

"थांब. इकडे उजेडात ये. खांद्यावर बघ."

अथर्वने पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. "कधीपासून माहीत होतं तुला?"

"आज सकाळीच दिसलं."

"मग फोन का नाही केलास? इथवर कशाला बोलावलंस?"

सांगायचं की नाही, हेच सुश्रुतचं सकाळपासून ठरत नव्हतं. अथर्व आपलं कार्ड उचलून निघून गेला.

संध्याकाळी कार्डवाल्यांच्या ग्रुपवर अथर्वचा मेसेज आला: 'प्रधान सरांशी अदलाबदल करताना भिंग घेऊन जा.' जुन्या ओळखीचे लोकही सुश्रुतकडून आधी घेतलेल्या कार्डांबद्दल विचारू लागले. शाळेत फोन थरथरला की सुश्रुत तो पालथा ठेवायचा. शेवटी त्याने रेघेचा मोठा फोटो काढून स्वतःच ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'ज्याला शंका असेल त्याने आपलं कार्ड परत आणून द्यावं.' कुणी आलं नाही.

गुरुवारी अथर्वचा फोन आला. आवाज पडलेला होता.

"तुझा फोटो बघून मी माझी कार्डं उन्हात नेली. लेगस्पिनरच्या हाताच्या कोपरावर तशीच रेघ आहे रे. हेच मी तुला देणार होतो."

"ग्रुपवरचा मेसेज काढून टाकतो," अथर्व पुढे म्हणाला.

"काढू नकोस. त्याच्याखाली हेही लिही."

अथर्वने लिहिलं. पुढच्या रविवारी सुश्रुत खारबावला गेला. ओटीवरच्या उन्हात दोघांनी दोन्ही कार्डं शेजारी ठेवून निरखली.

"दहाची नाहीत ही," अथर्व म्हणाला.

"नाहीतच. देतोस?"

अथर्वने लेगस्पिनर त्याच्या हातात ठेवला आणि फलंदाजाची डबी स्वतःकडे ओढली.