न विचारता माझ्या क्विन्सवर कात्री

मंडळी, रागात लिहितेय, चुका सांभाळून घ्या.

माझं क्विन्स तुम्ही इथे फोटोत पाहिलंय. लाल फुलांचं, थंड हवेतलं झुडूप. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरसमोर ठेवून जगवलं मी त्याला. एकाच मुळातून येणारे सगळे फुटवे वाढू दिले, कारण मला झुपक्याचं, म्हणजे अनेक खोडांचं, बोन्साय करायचं होतं.

आज ते बोन्सायच्या क्लासला नेलं. पाणी प्यायला गेले आणि परत येते तर काय, सर वर्गाला दाखवत माझंच झाड कापत होते. एकच खोड उरलं होतं.

"सर, हे काय केलं?"

"ताई, काहून रागावून राहिल्या? खालचे फुटवे काढावेच लागते. तुम्ही तर आत्ता शिकून राहिल्या."

"शिकून राहिली, पण झाड माझं आहे! मले विचारता नाही आलं?"

 वर्गातला एक जण हसला. कापलेले फुटवे ओल्या रुमालात गुंडाळून मी निघून आले. ते आता कुंडीत लावलेत. जगतील की नाही, माहीत नाही.

शिकणाऱ्याच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावायचा, हे कुणी ठरवलं? तुमच्यासोबत असं झालं तेव्हा तुम्ही बोललात की गप्प बसलात?