नैवेद्याचं दूध आणि गोळ्या

आमच्या भागाचं राज्य वेगळं होण्याच्या त्या धामधुमीत, एक दिवस बंद तर एक दिवस मोर्चा, अशा वर्षात मला टीबी झाला. तोही नेहमीच्या औषधांना दाद न देणारा. महिने गेले तरी थुंकीत जंतू सापडतच राहिले. बरकतपुऱ्याच्या आमच्या घरी आई रोज दत्ताला दुधाचा नैवेद्य दाखवी आणि त्याच दुधाबरोबर माझ्या सगळ्या गोळ्या देई. "प्रसाद आहे गं, लवकर गुण येईल." मी इंग्रजी शाळेत शिकलेली. दत्तावरचा विश्वास डळमळत होता, पण दूध मुकाट्याने पीत होते.

इंजेक्शनांनी माझा डावा कान जवळजवळ गेला होता. एका सकाळी दवाखान्याच्या बाकावर, माझ्या डावीकडे, बुरख्यातली एक म्हातारी येऊन बसली. तोंडावर मास्क होता, पण तो श्वासाने हलत नव्हता. ती हळूच म्हणाली, "गोली दूध से नक्को खा बेटी. पानी से खा." शब्दन् शब्द मला त्याच कानाने ऐकू आला. उत्तर द्यायला मी पुरती वळले तर तिथे कुणी नव्हतं. हात लावून पाहिलं, बाक थंडगार होता. ती म्हातारी कुठे गेली, असं मी आईला विचारलं.

"कोण म्हातारी?" उजवीकडे बसलेली आई म्हणाली. "मघापासून आपण दोघीच तर आहोत."

माझ्या एका गोळीने भास होतात, हे मला ठाऊक होतं. डॉक्टर दर खेपेला विचारत आणि कधी काही दिसलं-ऐकू आलं असलं तरी मी 'नाही' म्हणत असे. गोळी बंद केली तर? माझ्या आजारावर औषधंच मोजकी उरली होती. त्या दिवशीही 'नाही' ओठांवर आलं. मग मनात म्हटलं, दत्ता, आता तूच बघ. आणि सगळं सांगून टाकलं.

"क्या बोली वो?" डॉक्टरांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "रोज दूध? गोलियों के साथ? अम्मा, इतनी महँगी दवा आप दूध में डुबा रहे!"

मुख्य गोळी दुधाबरोबर घेतली की रक्तात नीट उतरत नाही, असं ते म्हणाले. मग मला वजनकाट्यावर उभं केलं. मी बरीच वाळले होते, आणि भासांची ती गोळी मात्र जुन्याच वजनाला धरून चालू होती. ती त्यांनी कमी केली.

दुसऱ्या दिवशी आईने गोळ्यांबरोबर पाणी दिलं. "देव काही रागवत नाही," ती स्वतःशीच पुटपुटली. पुढे थुंकीचे रिपोर्ट स्वच्छ येऊ लागले.

डॉक्टर म्हणतात, म्हातारी त्या गोळीनेच दाखवली. असेलही. पण जे मला माहीतच नव्हतं, ते माझ्या मनाने मला कसं सांगितलं, हे मी त्यांना विचारलं नाही. ज्याने ते वदवलं त्याला मी रोज हात जोडते. त्याच्या पायाशी सगळं ठेवायचं, तर आपली भीतीही मागे लपवून ठेवायची नाही, एवढंच मला कळलं.